वय झालं म्हणून विसरतात? डिमेन्शिया, डिप्रेशन आणि डिलिरियममधला फरक घरच्यांनी कसा ओळखायचा

फॅमिली ग्रुपवर मेसेज येतो, ‘बाबांनी लाईट बिल भरलं का म्हणून आज चौथ्यांदा विचारलं.’ खाली दोन-तीन हसणाऱ्या इमोजी पडतात. एक काका ‘साठी बुद्धी नाठी’ असं लिहितात, दुसरं कुणी ‘वय झालं आता त्यांचं’ म्हणतं आणि ग्रुपवर गुड मॉर्निंगचा पुढचा फोटो येतो.

‘वय झालं’ हे वाक्य आपण इतक्या सहज वापरतो की तेच उत्तर आहे असं वाटायला लागतं. पण वय हा आजार नाही. म्हातारपणी माणूस विसरायला लागला, गप्प झाला किंवा भलतंच बोलायला लागला, तर त्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, डिप्रेशन म्हणजे नैराश्य आणि तिसरा डिलिरियम, ज्याला आपल्याकडे जुनी माणसं ‘वात झाला’ किंवा ‘वातात बडबडतोय’ म्हणतात. लांबून तिन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र तिघांचे वेगळे. त्यातले दोन बऱ्याचदा बरे होतात. आणि एक असा आहे की दवाखान्यात जायला एक दिवस उशीर झाला तरी जिवावर बेतू शकतं.

हे वेगळे ओळखायला सुरुवातीलाच एमआरआय लागतो असं नाही. पहिली चाळणी एका साध्या प्रश्नाने लागते. हे कधीपासून सुरू झालं? त्याचं उत्तर डॉक्टरांकडे नसतं, घरच्यांकडे असतं. आणि ‘वय झालं’ म्हटलं की नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो.

आजोबा, एसटी आणि सोडियम

दोन वर्षांपूर्वी माझ्या आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वय ७८. ॲडमिट होईपर्यंत रोज पेपर वाचणारे, शब्दकोडं सोडवणारे, पेन्शनचा हिशोब स्वतः ठेवणारे. ऑपरेशनही नीट झालं. तिसऱ्या रात्री त्यांनी सलाईन उपसून टाकलं आणि वॉर्डात फिरून ‘तिकीट बोला, तिकीट’ म्हणायला लागले. ते एसटीत कंडक्टर होते. मला त्यांनी ओळखलं नाही, उलट सुट्टे पैसे मागितले.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ‘या वयात होतं असं’ म्हणत झोपेचं इंजेक्शन लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आजोबा झोपलेलेच. घरात तेवढ्या वेळात चर्चा सुरू झाली होती की आता यांना ठेवायचं कुणाकडे, सह्या चालतील का, घराच्या कागदपत्रांचं काय. एका सीनियर डॉक्टरांनी राउंडला आल्यावर विचारलं, ‘घरी असताना असं कधी व्हायचं का?’ आई म्हणाली, ‘नाही हो, परवापर्यंत एकदम व्यवस्थित होते.’ एवढ्या एका उत्तरावर त्यांनी रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. सोडियम बरंच खाली गेलेलं आणि लघवीत इन्फेक्शन. चार-पाच दिवसांनी आजोबांनी पहिली तक्रार केली की पेपर जुना आहे.

हा डिलिरियम. मेंदूला स्वतःचा आजार नसतो. शरीरात दुसरीकडे काहीतरी बिघडलेलं असतं आणि त्याचा धक्का मेंदूला बसतो. तो काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतो आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. सकाळी माणूस नीट बोलतो, संध्याकाळी भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो. लक्ष एका जागी टिकत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी खूण. घरच्या घरी बघायचं तर आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. रविवार, शनिवार, शुक्रवार... जो माणूस गेल्या आठवड्यापर्यंत हे सहज म्हणू शकला असता तो आज दुसऱ्या वारावरच भरकटत असेल, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

कारणं बऱ्याचदा अगदी साधी असतात. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, सोडियम किंवा साखर खाली-वर होणं, तुंबलेली लघवी, कित्येक दिवसांचा बद्धकोष्ठ, खुब्याचं फ्रॅक्चर, ऑपरेशन. तरुण माणसाला अशा इन्फेक्शनमध्ये ताप येतो. वयस्कर माणसाला ताप येतोच असं नाही, थेट बडबड सुरू होते. म्हणून ‘ताप तर नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका.

दुसरं कारण घरातल्या औषधांच्या डब्यात असतं. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामीनसारखी जुनी ॲलर्जीची औषधं असतात. ती, झोपेसाठीचं ॲलप्राझोलम, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या आणि ॲमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधं वयस्कर मेंदूला गोंधळात टाकू शकतात. प्रत्येक डॉक्टरने वेगळी गोळी दिलेली असते आणि सगळ्या मिळून किती होतात हे कुणीच मोजलेलं नसतं. दवाखान्यात जाताना फाईल नेण्यापेक्षा आख्खा डबा न्या. मात्र झोपेची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही डिलिरियम होतो.

आणि एक कारण घरचे लपवतात. रोज संध्याकाळी पिणाऱ्या आजोबांना ॲडमिट केलं की दारू अचानक बंद होते. दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, घाम येतो, भास होतात. कुटुंबाला लाज वाटते म्हणून डॉक्टरांना कुणी सांगत नाही आणि डॉक्टर भलतीकडे शोधत राहतात. इथे लाज बाजूला ठेवायची. हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो आणि वेळेत सांगितलं तर त्यावर उपचार आहेत.

डिलिरियमचा एक गप्प प्रकारही आहे, तो जास्त फसवा. माणूस ओरडत नाही, काही उपसत नाही, नुसता पडून राहतो. हाक मारली तर डोळे उघडतो, पुन्हा मिटतो. सगळे म्हणतात, ‘बरं झालं, आराम करतायत.’ दंगा करणाऱ्या पेशंटकडे डॉक्टर धावतात, गप्प पेशंट मात्र वॉर्डात तसाच राहून जातो.

हॉस्पिटलमध्ये डिलिरियम काही प्रमाणात टाळता येतो आणि त्यात नातेवाइकांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत डॉ. शॅरन इनूये यांच्या गटाने सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला चष्मा आणि कानाचं मशीन लावून ठेवणं, दिवस-वार सांगत राहणं, उठवून चालवणं, पाणी पाजणं, रात्री गोळीऐवजी शांततेने झोपू देणं, असल्या गोष्टी नेमाने केल्या. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या वॉर्डात ९.९ टक्क्यांना. आपल्याकडे ॲडमिट करताना ‘हरवेल’ म्हणून चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन आधी घरी पाठवलं जातं. ते परत आणा.

‘काही होत नाही मला, फक्त त्राण नाही’

डिलिरियम काही तासांत सुरू होतो, तर डिप्रेशन काही आठवड्यांत. पण वयस्कर माणसाचं डिप्रेशन ओळखणं अवघड जातं, कारण ते ‘मी उदास आहे’ असं म्हणतच नाहीत. त्या पिढीकडे त्यासाठी शब्द वेगळे आहेत. अंगात त्राण नाही. जेवण जात नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. पोटात गॅस धरतो. कशात जीव रमत नाही. मग एंडोस्कोपी होते, सोनोग्राफी होते, सगळं नॉर्मल येतं आणि डॉक्टर टॉनिक लिहून देतात.

वजन उतरत असेल, आवडती मालिका लावली तरी बघायचं मन नसेल, नातवंडं आली तरी चेहरा हलत नसेल आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर डिप्रेशनचा विचार करायलाच हवा. अर्थात शारीरिक तपासण्याही करायच्याच. थायरॉईड कमी असला तरी माणूस असाच सुस्तावतो.

यात स्मरणशक्तीही जाते, आणि घोळ नेमका इथे होतो. डिप्रेशनमुळे डिमेन्शिया झाल्यासारखं दिसतं, हे १९६१ मध्ये लेस्ली किलोह या मानसोपचारतज्ज्ञाने एका लेखात मांडलं आणि त्याला ‘स्यूडो-डिमेन्शिया’, म्हणजे खोटा डिमेन्शिया म्हटलं. मेंदूच्या पेशी मेलेल्या नसतात, लक्षच लागत नसल्याने काही साठवलं जात नाही.

दोन्हीतला फरक बोलण्यात पकडता येतो. डिप्रेशनमधली आजी स्वतःच म्हणते, ‘मला काही आठवत नाही गं, माझा मेंदूच गेला.’ काल काय जेवलात विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणून गप्प बसते. डिमेन्शियातल्या आजीला बहुतेक वेळा तक्रारच नसते. तक्रार घरच्यांची असते. काल काय जेवलात विचारलं तर ती ठणकावून सांगते, ‘भरली वांगी,’ आणि वांगी महिनाभरात घरात आलेली नसतात. हा नियम पक्का नाही, डिमेन्शियाच्या सुरुवातीला कळणारी आणि घाबरणारी माणसंही असतात, पण डॉक्टरांना सांगण्यासारखा हा धागा आहे.

म्हातारपणीचं डिप्रेशन बरं होतं. गोळ्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. तेवढ्यात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे खूप. सुरुवातीला काही गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं, म्हणून डॉक्टर मध्ये रक्त तपासायला सांगतात, ते टाळू नका. समुपदेशन, दिवसाला एक ठरलेलं काम, बाहेरचा एक फेरा यांनीही फरक पडतो. एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल, तर ते कधीकधी येऊ घातलेल्या डिमेन्शियाची पहिली पायरीही असतं. त्यामुळे बरं वाटल्यावरही वर्षभराने स्मरणशक्ती पुन्हा तपासून घेतलेली बरी.

‘देवाने आता न्यावं’ हे वाक्य आपल्याकडे किती आज्या बोलतात याला गणती नाही. प्रत्येक वेळी ते धोक्याचं नसतं. पण ते बोलणारा माणूस जेवण किंवा बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, ‘माझा तुम्हाला त्रास’ असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर ते गंभीरपणे घ्या. सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरं-वाईट करावंसं वाटतं का?’ विचारल्याने डोक्यात खूळ भरतं हा गैरसमज आहे. विचारलं तर माणूस बोलतो. त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि शेतातली औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सरकारच्या ‘टेली मानस’ या मोफत सेवेचा नंबर १४४१६ आहे. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

मग डिमेन्शिया कधी म्हणायचं?

डिमेन्शिया महिन्यांत नाही, वर्षांत येतो. ‘कधीपासून’ विचारलं तर घरच्यांना तारीख सांगता येत नाही. कुणी म्हणतं गेल्या दिवाळीपासून, कुणी म्हणतं त्याच्या आधी लग्नात पण असंच झालं होतं. तारीख न सांगता येणं हीच त्याची एक खूण.

चावी कुठे ठेवली हे विसरणं, शेजारच्या मुलाचं नाव वेळेवर न आठवणं हा आजार नाही. तसं तर मीही रोज मोबाईल शोधते. बघायचं ते हे की वर्षानुवर्षं हातात बसलेलं काम बिघडतंय का. चाळीस वर्षं पुरणपोळी करणाऱ्या आईला पुरण आधी शिजवायचं की आधी वाटायचं हे समजेना. दुकानाचा हिशोब तोंडी करणाऱ्या वडिलांना शंभरची नोट देऊन किती परत येणार हे सांगता येईना. रोजच्या देवळातून घरी येताना वळण चुकलं. काही जणांत विसरणं उशिरा येतं आणि स्वभाव आधी बदलतो, शांत माणूस चारचौघांत अचकट-विचकट बोलायला लागतो. त्यालाच आपल्याकडे ‘म्हातारचळ’ म्हणून हिणवतात.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आकड्यांतही टिकत नाही. लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. संख्या प्रचंड आहे, पण त्याचा अर्थ असाही आहे की शंभरातल्या बाण्णव-त्र्याण्णव जणांना तो नाही.

गंमत म्हणजे ‘वय झालं’ ही चूक एकट्या काकांची नाही, वैद्यकशास्त्राचीही आहे. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात जी बाई तपासली ती ऑगस्ट डेटर, तिचं वय होतं ५१. ती १९०६ मध्ये वारली, त्याच वर्षी त्याने तिच्या मेंदूत सापडलेले बदल मांडले. पन्नाशीतली रुग्ण असल्याने पुढची कित्येक दशकं अल्झायमर हा मध्यमवयातला दुर्मीळ आजार मानला गेला. सत्तरीतला माणूस तसाच वागला तर डॉक्टर म्हणत, हे म्हातारपण. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठासून मांडलं की दोन्ही एकच आजार आहे. त्यानंतर कुठे त्यावर मोठं संशोधन सुरू झालं.

अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, एकूण रुग्णांत साधारण ६० ते ७० टक्के. मेंदूतल्या रक्तवाहिन्या तुंबून होणारा दुसरा. तिसरा लेवी बॉडी, तो मुद्दाम लक्षात ठेवावा असा. यात माणसाला घरात अनोळखी मुलं, प्राणी अगदी स्पष्ट दिसतात, चाल पार्किन्सनसारखी होते. भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर प्रकृती एकदम ढासळू शकते. म्हणून भास होत असतील तर चालण्यात काय बदल झाला हेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.

तपासणीत काय होतं?

डॉक्टर काही प्रश्न विचारतात. आज वार कोणता, हे तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. ३० गुणांची ही चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. शाळेत न गेलेल्या माणसाचे गुण त्यात आपोआप कमी पडतात. हे लक्षात आल्यावर हरियाणातल्या बल्लभगड भागात संशोधकांनी नव्वदच्या दशकात तिचं हिंदी रूप तयार केलं, वाचण्या-लिहिण्याचे प्रश्न बदलून. तुमच्या आजीला अंगठा द्यावा लागत असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा आणि ‘तीसपैकी अठराच मिळाले’ एवढ्यावरून घाबरू नका. ऐकू कमी येत असेल तर तेही सांगा. प्रश्नच ऐकू न आलेला माणूस चुकीचं उत्तर देणारच.

मग रक्ताच्या तपासण्या. इथे चांगली बातमी निघू शकते. बी-१२ कमी असल्याने विसरभोळेपणा येतो. आपल्याकडे शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी असणं अजिबात दुर्मीळ नाही. थायरॉईड, सोडियम, साखर, किडनी बघितली जाते. सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात तो गाठ किंवा रक्तस्राव आहे का हे बघायला. महिन्या-दीड महिन्यापूर्वी आजोबा बाथरूममध्ये पडले, डोक्याला टेंगूळ आलं, सगळे विसरले आणि आता ते सुस्त झालेत, असं असेल तर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर शंका जास्त. ते काढता येतं. आणखी एक प्रकार म्हणजे चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लघवीवर ताबा नाही आणि विसरणं, असं तिन्ही एकत्र. त्यात मेंदूतलं पाणी साचलेलं असतं आणि काही जणांना ऑपरेशनने फायदा होतो.

तपासणीत अल्झायमरच निघाला तर? डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं लक्षणं काही काळ सावरतात, आजार मागे फिरवत नाहीत. अमेरिकेत लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब या नव्या इंजेक्शनांना २०२३ आणि २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ती अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आजाराचा वेग थोडा कमी करतात, मेंदूला सूज किंवा रक्तस्रावाचा धोका असतो आणि खर्च प्रचंड. व्हॉट्सॲपवर ‘अल्झायमरवर रामबाण औषध सापडलं’ असं फिरतं ते यांच्याबद्दलच असेल तर अपेक्षा तेवढीच ठेवा.

टाळण्याबद्दल लॅन्सेटच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये १४ घटक सांगितले. जगभर ते सगळे दूर झाले तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज आहे. त्यात बीपी, शुगर, तंबाखू, एकटेपणा अपेक्षित होतेच. पण कमी ऐकू येणं आणि उपचार न केलेला मोतीबिंदूसारखा दृष्टिदोषही त्यात आहे. बदाम मात्र त्या यादीत नाहीत.

‘माझ्या पाटल्या सुनेने घेतल्या’

डिमेन्शियात विसरण्यापेक्षा जास्त घरं मोडतात ती संशयाने. आजीने पाटल्या सुरक्षित ठेवाव्यात म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवल्या, ठेवल्याचं विसरल्या. पाटल्या दिसत नाहीत, म्हणजे कुणीतरी घेतल्या. घरात सगळ्यात जवळ वावरणारी बाई कोण, तर सून. जी दिवसभर औषध-पाणी करते तिच्यावरच आळ येतो आणि रविवारी भेटायला आलेल्या मुलीला ते खरं वाटतं. हा स्वभाव नाही, लक्षण आहे. सगळ्या भावंडांना हे एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवणं हा सुनेवरचा उपकार नव्हे, तिचा हक्क आहे.

‘तुम्हीच ठेवल्यात’ असं सिद्ध करून काही मिळत नाही. ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हटलं की निम्मं भांडण टळतं. तीच गोष्ट वारलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या आजीची. दर वेळी ‘ते गेले’ सांगितलं तर तिला दर वेळी नव्याने ती बातमी कळते. त्यापेक्षा त्यांच्याबद्दल बोलतं करा. घराबाहेर जाऊन हरवण्याचा धोका खरा आहे, ‘अस्तु’ सिनेमात मोहन आगाशेंचे संस्कृत पंडित हत्तीमागे निघून जातात ते आठवा. खिशात नाव आणि दोन फोन नंबर असलेलं कार्ड असू द्या, गळ्यातल्या माळेत अडकवलं तर काढून ठेवलं जात नाही.

पैशांचं आधी बघावं लागतं, आणि त्यावर बोलायला सगळे कचरतात. मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असं अनेकांना वाटतं. पण भारतीय करार कायद्यानुसार ज्याने ते दिलं त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्रच संपतं, म्हणजे ज्या दिवशी गरज पडते नेमकं त्याच दिवशी. मग मुलांना कोर्टातून पालकत्व मिळवावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत पती-पत्नीला किंवा मुलांना पालक नेमल्याची उदाहरणं आहेत, पण त्यात वेळ आणि पैसा जातो. म्हणून निदान लवकर झालं असेल आणि माणसाला समजतंय तोवरच त्यांच्या इच्छेने मृत्युपत्र, जॉइंट खातं, नॉमिनी या गोष्टी करून घ्या. मृत्युपत्रासोबत त्याच सुमाराचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र असलं तर पुढे भावंडांचं भांडण कमी होतं.

दाखवायचं कुणाला, यावर फार अडून बसू नका. अचानक बदल असेल तर थेट हॉस्पिटल. हळूहळू असेल तर नेहमीचे फिजिशियन, मग मेंदूविकार किंवा मानसोपचार तज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग असतो. ज्येष्ठांसाठी ‘एल्डर लाइन’ १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यामुळे जाण्याआधी कागदावर लिहून न्या. कधीपासून, एकदम की हळूहळू, दिवसभरात बदलतं का, मध्ये पडले होते का, कुठली गोळी नवीन सुरू झाली, आधी काय करता यायचं जे आता येत नाही. माझ्या आजोबांच्या वेळी असा कागद नव्हता. आईचं एक वाक्य होतं, आणि तेही कुणीतरी विचारलं म्हणून.